मार्कअपमधला ऑनक्लिक काढायचाय? मग आधी तो लावलाय कसा ते बघा

दिंडोरीकडच्या एका द्राक्षवाल्या काकांची साइट माझ्याकडे आली होती. कोणीतरी रेडीमेड टेम्प्लेट घेऊन बांधलेली, आणि काकांची तक्रार एकच, "अरे एकाच माणसाच्या तीन-तीन ऑर्डरी पडतात, पेट्या पाठवू तरी किती?" कारण साधं होतं, नेट स्लो, बटण दाबलं की काही हललेलं दिसत नाही, मग माणूस परत दाबतो आणि परत दाबतो. म्हटलं पाच मिनिटांचं काम आहे, पहिल्या क्लिकला लिसनर, म्हणजे क्लिक झालं की चालणारं फंक्शन, काढून टाकू. रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर लिहिलं, सेव्ह केलं, रिफ्रेश केलं, आणि तीनदा दाबल्यावर परत तीन ऑर्डरी. एरर सुद्धा नाही हो! कॉलेज रोडला दोन कटिंग संपले तरी मी तिथेच.

गोम अशी की बटणाच्या टॅगमध्येच, म्हणजे मार्कअपमध्ये, ऑनक्लिक (क्लिक झाल्यावर काय चालवायचं ते) लिहिलेलं होतं. एचटीएमएलमध्ये असं लिहिलं की ब्राउझर त्या मजकुराभोवती स्वतःचं एक फंक्शन गुंडाळतो, तुमचं फंक्शन त्याच्या आतून बोलावलं जातं. रिमूव्हला मात्र नेमकं तेच फंक्शन हातात द्यावं लागतं जे अ‍ॅड-इव्हेंट-लिसनरला दिलं होतं, आणि इथे तर अ‍ॅड कोणी केलेलंच नाही. मग ते शोधतं, सापडत नाही, आणि गपचूप निघून जातं. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं ऑफ पण इथे तेच करतं, म्हणजे काहीच नाही.

मग मार्कअपमधला ऑनक्लिक काढायचा कसा, तर दोन रस्ते. एक, जावास्क्रिप्टमधून बटणाच्या ऑनक्लिकला नल, म्हणजे रिकामी किंमत, द्यायचं. दुसरा, रिमूव्ह-अ‍ॅट्रिब्यूटने तो अ‍ॅट्रिब्यूटच, म्हणजे टॅगमधला ऑनक्लिकचा सगळा मजकूर, उडवायचा. दोन्हीने क्लिक बंद होतं म्हणून लोक सारखेच समजतात, पण मी दुसराच घेतो. नल दिल्यावर हँडलर मरतो पण टॅगमधला मजकूर तसाच दिसत राहतो, उद्या दुसरा कोणी डेव्हलपर इन्स्पेक्ट करून बघणार आणि म्हणणार ऑनक्लिक तर आहे, मग चालत का नाही. त्याहून बेकार म्हणजे कुठल्या स्क्रिप्टने तो भाग इनर-एचटीएमएलने परत लिहिला की तोच मेलेला ऑनक्लिक उठून बसतो. अ‍ॅट्रिब्यूट उडवला की भानगडच नाही. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये याची बोंब होती, पण आता त्याच्यासाठी कोड लिहिणारा मला तरी भेटलेला नाही.

अजून एक जुगाड सगळीकडे सांगतात, बटणाचा क्लोन करा आणि मूळच्या जागी बसवा, सगळे लिसनर जातात. अर्धं खरं आहे. अ‍ॅड-इव्हेंट-लिसनरने लावलेले जातात, पण टॅगमध्ये लिहिलेला ऑनक्लिक हा अ‍ॅट्रिब्यूट आहे, तो क्लोनबरोबर जसाच्या तसा येतो. म्हणजे जो काढायचा होता तो राहिला आणि बाकीचे कामाचे गेले. शिवाय तुमच्या व्हेरिएबलमध्ये अजून जुनंच बटण धरलेलं असतं, ते वेगळंच. परक्या कोडला हात लावता येत नसेल तेव्हा शेवटचा उपाय म्हणून ठीक, एरवी नको.

आता कोड तुमच्या हातात असेल, टॅगमधून काढून जावास्क्रिप्टमध्ये न्यायची मुभा असेल तर खरी निवड पुढे आहे. साधी जोडी म्हणजे अ‍ॅड आणि रिमूव्ह, नावाचं फंक्शन घेऊन. हे कुठेही चालतं, फक्त तीन गोष्टी जुळायला हव्यात: इव्हेंटचा प्रकार, फंक्शन तेच, आणि कॅप्चर (इव्हेंट बाहेरच्या टॅगकडून आत येतानाच पकडायचा का) खरं की खोटं ते. लोक फसतात ते दुसऱ्या गोष्टीत. अ‍ॅड करताना फंक्शन बाइंड करून (त्याला त्याचं धिस बांधून) दिलं, रिमूव्ह करताना परत बाइंड करून दिलं, दिसायला सेम पण बाइंड दर वेळी नवीन फंक्शन देतं, आणि अ‍ॅरो फंक्शन (बाणाच्या खुणेने लिहिलेलं, बिननावाचं) जागेवर लिहिलं तरी तीच गत.

वन्स नावाचा ऑप्शन दिला की एकदा चालून लिसनर आपोआप जातो. मी आधी काकांच्या साइटवर हेच करणार होतो, एकदम सोपं वाटलं. पण विचार करा, त्र्यंबक रोडला गाडीत बसलेल्या माणसाने ऑर्डर दाबली आणि रेंज गेली. रिक्वेस्ट फेल झाली, लिसनर पण गेला, आता तो बटण बडवत बसतो आणि काहीच होत नाही. तीन ऑर्डरींच्या जागी शून्य. पैसे, फॉर्म, नेटवर्क असलं काही असेल तिथे वन्स नको, वेलकम पॉपअप वगैरेला खुशाल लावा.

मला सगळ्यात आवडतो तो अबॉर्ट-कंट्रोलरचा (चालू काम थांबवायची ब्राउझरमधलीच सोय) सिग्नल. लिसनर लावताना सिग्नल द्यायचा, आणि नंतर एकदा अबॉर्ट म्हटलं की त्या सिग्नलवरचे पाच असोत की पंधरा, सगळे लिसनर एका झटक्यात जातात. फंक्शनचं नाव सांभाळायचं टेन्शन नाही, अ‍ॅरो फंक्शन असलं तरी चालतं. क्रोममध्ये हे 2021 पासून आहे, आता बाकीच्या मोठ्या ब्राउझरांतही आहे. एकच खोच, अबॉर्ट झालेला कंट्रोलर परत वापरता येत नाही, आणि मेलेला सिग्नल देऊन लिसनर लावला तर तो लागतच नाही, तेही न सांगता. नवीन कंट्रोलर बनवायचा विसरलात की परत माझ्यासारखी टपरीवर संध्याकाळ. पॉपअप उघडला-बंद केला, टॅब बदलला, अशा ठिकाणी डोळे झाकून हाच घ्या.

रिअ‍ॅक्टवाल्यांनो (वेब पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी), तुमचा ऑनक्लिक दिसतो मार्कअपसारखा पण तो बटणावर बसलेलाच नसतो. 2020 च्या 17 व्या आवृत्तीपासून रिअ‍ॅक्ट सगळं रूटवर, म्हणजे अ‍ॅप ज्या सगळ्यात बाहेरच्या टॅगमध्ये बसतं तिथे, ऐकतं, त्यामुळे बटणावर नल द्या नाहीतर रिमूव्ह करा, ढिम्म. कंडिशन लावून ऑनक्लिकच्या प्रॉपला (टॅगला दिलेल्या किमतीला) अनडिफाइन्ड द्यायचं, बस. अँड्रॉइडच्या एक्सएमएलमधला ऑनक्लिक मात्र सेट-ऑनक्लिक-लिसनरला नल दिलं की जातो, पण व्ह्यू क्लिकेबल राहतो, ते वेगळं बंद करा. विंडोज अ‍ॅप्ससाठीच्या डब्ल्यूपीएफचं मार्कअप, झामल, त्या मानाने गुणी बाळ, टॅगमध्ये लिहिलेला हँडलर मागच्या कोडमधून वजा-बरोबर (-=) करून सरळ निघतो. आणि अजून कोणी फ्लॅशवर चालणाऱ्या फ्लेक्सचं जुनं मार्कअप, एमएक्सएमएल, सांभाळत असेल (फ्लॅश प्लेअर 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला, पण ऑफिसांचं काही सांगता येत नाही) तर टॅगमधला लिसनर रिमूव्हने निघत नाही, तो आधीपासून अ‍ॅक्शनस्क्रिप्टमध्ये अ‍ॅड करूनच लावावा लागतो.

काकांच्या साइटवर शेवटी मी क्लिकनंतर लिसनर काढायची भानगड केलीच नाही. ऑनक्लिकचा अ‍ॅट्रिब्यूट उडवला, फॉर्मच्या सबमिटवर एक लिसनर लावला, त्यात बटण डिसेबल करून "थांबा, ऑर्डर जातेय" लिहिलं आणि रिक्वेस्ट फेल झाली तर परत एनेबल. डिसेबल केलेल्या बटणावर क्लिक लागतच नाही, मग लिसनर राहिला काय आणि गेला काय. फक्त हे डिसेबल क्लिकमध्ये करू नका, सबमिटमध्येच करा, क्लिकमध्ये केलं तर फॉर्म सबमिटच होत नाही, हे पण मी करून बघितलंय.

कुठलाही मार्ग घ्यायच्या आधी क्रोमच्या इन्स्पेक्टरमध्ये इव्हेंट लिसनर्सचा टॅब उघडून बटणावर काय काय बसलंय ते बघा. काकांच्या बटणावर ऑनक्लिक सोडून टेम्प्लेटच्या जेक्वेरीचा अजून एक लिसनर निघाला, तो नुसता थँक्यूचा पॉपअप दाखवायचा, ऑर्डर गेली असो नाहीतर नसो.