केळीच्या बागेत टेन्शियोमीटर: काळ्या जमिनीत कितपत चालतो?

टेन्शियोमीटर जमिनीत पाणी किती आहे हे सांगत नाही. ते पाणी ओढायला मुळाला किती जोर लावावा लागेल, हे सेंटिबारमध्ये (दाबाच्या एककात) दाखवतो, आणि केळीला कामाचं तेच. रावेर-यावलच्या भारी काळ्या मातीत पाणी दिसतं, पण चिकण कण ते घट्ट धरून बसतात. तेवढंच पाणी रेताड शेतात असतं तर मुळाला सहज मिळालं असतं.

पानातून बाष्प उडालं की पाण्याच्या सलग धाग्यावर ताण येतो आणि तो मुळापर्यंत उतरतो. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच. टेन्शियोमीटर म्हणजे पाण्याने भरलेली बंद नळी, वर काट्याची डायल; तिच्या खालच्या टोकाचा सच्छिद्र सिरॅमिक कप मुळासारखाच वागतो. कोरडी माती कपातून पाणी ओढते, नळीत निर्वात तयार होतो, काटा चढतो. जमिनीत खुपसायचं दोन सळ्यांचं स्वस्त, बिनबॅटरीचं ओलावा-मीटर मात्र क्षारांनाही भुलतं. ड्रिपमधून पोटॅश सोडलं की तेही त्याला ‘ओलं’च वाटतं.

बसवण्यात हयगय केली की यंत्र खोटं बोलतं. कप रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. नळीत उकळून गार केलेलं पाणी भरा. बोअरचं क्षाराचं पाणी घातलं तर कपाची छिद्रं बुजतात. हातपंपाने बुडबुडे काढा. ड्रिपरपासून १५ ते २० सें.मी. अंतरावर, कपाच्याच जाडीच्या पाइपने भोक पाडा, त्यात मातीचा पातळ गारा ओता आणि मग नळी दाबा. वर माती चढवून ठेवा, नाहीतर पाणी नळीच्या कडेने थेट कपापर्यंत उतरेल. एक कप २५ सें.मी. खोल, दुसरा ४५ वर. खालचा सतत १० च्या आत राहिला, तर पाणी आणि खत मुळांखाली वाहून जातंय असं समजा.

वाचन सकाळी, ऊन चढण्याआधी. डायल आणि कपाच्या मध्ये जितके सें.मी. उंची, त्याच्या एक दशांश सेंटिबार वजा करा. नळीतल्या पाण्याच्या वजनाचा तो हिशेब. शून्य ते १० म्हणजे जमीन गच्च ओली, मुळांना हवा नाही. वरचा कप ३० च्या आसपास आला की ड्रिप सुरू करावी. पानं दुपारी मधल्या शिरेपासून खाली मिटायची वाट पाहू नये, मे महिन्याच्या उन्हात तर नाहीच.

याची खरी खोड काळ्या मातीतच दिसते. माती सुकून आक्रसली, भेगा पडल्या की ती कपापासून सुटते, हवा आत शिरते आणि काटा शून्यावर येतो. बाग तहानलेली, आणि मीटर म्हणतं वाफसाही नाही, चिखल आहे! म्हणून अचानक शून्य दिसलं तर आधी नळीतली पाण्याची पातळी बघा. ८० च्या पुढेही पाण्याचा धागा तुटून बुडबुडे होतात. त्यामुळे कोरडवाहू कपाशीसाठी हे घेऊ नका, तिथे जिप्सम ब्लॉक (विजेच्या रोधावरून ओल मोजणारा, मातीत पुरायचा ठोकळा) बरा.

ड्रिपवरच्या केळीला मात्र जरूर घ्यावं, पण दुकानातच तपासून. पाणी भरून ओला कप पंख्याखाली धरा, काटा ६० च्या पुढे चढला पाहिजे. मग कप बादलीत बुडवा, काही मिनिटांत खाली आला पाहिजे. चढलाच नाही तर कपाला तडा किंवा सीलला गळती. उतरायला फार वेळ लागला तर छिद्रं बुजलेली. दोन्हीत नग बदलून मागा.