सोल रेकॉर्ड करायचंय: मेम्फिसची वाट की डेट्रॉइटची?

बँड तयार आहे, गाणी बसली आहेत आणि आवाज साठच्या दशकातल्या सोलसारखा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांच्या त्या भावपूर्ण संगीतासारखा हवाय. मग माईक आणि प्लगिनच्या मागे लागण्याआधी एवढंच ठरवा: सगळे एका खोलीत एकदम वाजवणार, की एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून थरावर थर चढवणार?

एकदम वाजवणं ही स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीची रीत. तिचा स्टुडिओ म्हणजे अमेरिकेतल्या मेम्फिसमधलं एक जुनं सिनेमागृह. उतरती जमीन तशीच ठेवलेली, पडद्याकडच्या स्टेजवर कंट्रोल रूम. टेप बरीच वर्षं मोनो होती, म्हणजे सगळे आवाज एकाच पट्टीवर मिसळून उतरत, त्यामुळे तोल वाजवतानाच साधावा लागे. ट्रम्पेट नंतर कमी करायची सोयच नव्हती. ड्रमचा आवाज गायकाच्या माईकमध्ये शिरायचा, आणि मला तर त्या शिरण्यातच त्या रेकॉर्डचा सगळा दम वाटतो. गायक ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू' हा अल्बम जुलै १९६५मध्ये जवळजवळ सगळा एका दिवसरात्रीत झाला. आधीपासून एकत्र वाजवणारी माणसं नसती तर हे जमलंच नसतं.

थर चढवणं ही मोटाउन या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीची रीत. तिचा स्टुडिओ डेट्रॉइटमधल्या एका घरात, १९५९मध्ये घेतलेल्या. जागा लहान, म्हणून गिटार आणि बास अँपला माईक न लावता थेट कन्सोलमध्ये, म्हणजे मिक्सिंगच्या टेबलात जोडत. मोटाउनचा बासवादक जेम्स जेमरसन याचा बास इतका गोल आणि स्पष्ट ऐकू येतो त्यात या जोडणीचा वाटा आहे. बाकी त्याच्या एका बोटाची करामत. आधी तीन, दशकाच्या मध्यापर्यंत आठ ट्रॅक, म्हणजे टेपवरच्या स्वतंत्र पट्ट्या आल्या. मग गायन, व्हायोलिन, खंजिरी सावकाश वर चढवता आली. घुमारा माळ्यावरच्या एको चेंबरचा, म्हणजे आवाज घुमवायच्या रिकाम्या खोलीचा. मिक्स लहान स्पीकरवरही तपासत, कारण गाणं कारच्या रेडिओवर उठून दिसायला हवं होतं.

गायक अजून चाचपडत असेल, किंवा फ्लॅटमधल्या बुटक्या छताच्या खोलीत काम असेल, तर डेट्रॉइटच धरा. अशा खोलीत सगळे एकदम वाजवले तर झांजांचा आवाज छतावरून उलटून सगळ्या माईकमध्ये कर्कश घुसतो आणि नंतर निघत नाही.

पण शाळेचा हॉल दोन दिवस मिळत असेल तर मी मेम्फिसच निवडेन. फक्त बास थेट जोडा. गायकाला ड्रमरकडे तोंड करून उभं करा, म्हणजे कार्डिऑइड माईकची (जो समोरचा आवाज जास्त आणि पाठीमागचा कमी घेतो) पाठ ड्रमकडे येते, आणि हेडफोनशिवाय पहिला टेक घ्या.