म्हापशाची लॅब: रिपोर्ट वेळेवर, पण अर्धवट

५ पैकी २ स्टार, आणि ते दोन्ही रक्त काढणाऱ्या मुलीचे. बायकोची बोटं दोन महिने सकाळी उठल्यावर आखडायची, बरणीचं झाकण फिरवायलासुद्धा मला हाक मारायची, तास-दीड तासाने हात मोकळा व्हायचा. डिचोलीच्या आमच्या डॉक्टरांनी टेस्ट लिहून दिल्या म्हणून शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो तेव्हाच तिथल्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. एका टोचणीत काम झालं, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ हजर.

त्यात आरए फॅक्टर (संधिवातासाठी बघतात ती एक अँटीबॉडी) निगेटिव्ह, आणि एएनएपुढे (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट) लाल ठळक अक्षरात पॉझिटिव्ह, बस्स. टायटर म्हणजे प्रमाण किती ते नाही, पॅटर्न म्हणजे पेशीत चमक कशी दिसली ते नाही, कुठल्या पद्धतीने केली तेही नाही. फोन केला तर एकच उत्तर, डॉक्टरांना दाखवा. मध्ये रविवार, दवाखाना बंद, हिने रात्रभर मोबाइलवर ल्युपसबद्दल (शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार) वाचून रडून डोळे सुजवून घेतले आणि मी शेजारी नुसता बसून.

सोमवारी पणजीत संधिवाताच्या डॉक्टर मॅडमची अपॉइंटमेंट मिळाली, त्यांनी रिपोर्ट बघून पहिलं विचारलं, टायटर किती? मग नीट समजावलं की आयएफए पद्धतीत रक्तातलं सीरम पातळ करत करत पेशींच्या स्लाइडवर टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली हिरवी चमक कुठपर्यंत दिसते ते बघतात, १:८० टायटर म्हणजे ८० पट पातळ करूनही दिसली. आणि ठणठणीत माणसांतही १:८० ला शंभरात साधारण १३ जण पॉझिटिव्ह निघतात, १:१६० ला ५, म्हणजे नुसत्या पॉझिटिव्ह शब्दावरून ल्युपस ठरत नाही, त्याला लक्षणं लागतात आणि डीएसडीएनए, स्मिथसारख्या पुढच्या अँटीबॉडी बघाव्या लागतात. हे कोणी शनिवारी फोनवर दोन मिनिटं सांगितलं असतं तर ती झोपली असती हो!

दुसऱ्या लॅबमध्ये परत केलं तर एएनए १:८० स्पेकल्ड (ठिपक्याठिपक्यांचा पॅटर्न), डीएसडीएनए निगेटिव्ह, पण अँटी-सीसीपी ही संधिवाताची दुसरी अँटीबॉडी चांगलीच वाढलेली, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून तो आजार नाही असं नसतं हे मला तिथेच कळलं, आणि पहिल्या लॅबच्या आर्थरायटिस पॅकेजमध्ये सीसीपी नव्हतीच. आता त्यावर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, गोळीचा वार कॅलेंडरवर लाल पेनने गोल केलाय कारण ती रोज घ्यायची नसते, मॅडमनी तीनदा बजावलंय.

कोणी तिथे एएनए करायला जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी काउंटरवर विचारा, आयएफएने करता का आणि टायटर, पॅटर्न लिहून देता का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. शुगर, थायरॉइडला मी अजून तिथेच जातो, त्या मुलीचा हात खरंच हलका आहे.