पिशवीचा गोबरगॅस: गोठ्यात शेण असेल तरच घ्या

आमच्याकडं पिशवीचा गोबरगॅस बसल्यापासून ओळखीपाळखीच्या बायका फोन करून एकच विचारतात, घ्यावा का? म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. कंपनीचं नाव लिहीत नाही. खाली त्यांच्या सर्व्हिसबद्दल जे लिहिलंय ते वाचल्यावर कारण कळेल.

आमचं गाव औसा तालुक्यात. गोठ्यात बैलजोडी, दोन देवणी गाई आणि एक म्हैस. घरात माणसं सहा, पण लेक लातूरला नीटच्या क्लासला असते, म्हणजे रोजच्या जेवणाला पाच. आम्ही रोज 2 घनमीटर गॅस देणारा संच घेतला. गोठ्यामागं खड्डा खणायचा, त्यात जाड काळी लांबट पिशवी बसवायची, एका टोकाला शेण कालवायचं टाकं, दुसऱ्या टोकानं स्लरी (गॅस निघून गेलेलं पातळ शेण) बाहेर आणि वरच्या नळीतून गॅस थेट स्वयंपाकघरात. खड्डा आपण खणून ठेवला तर बसवायला एक दिवस पुरतो. माझ्या माहेरी वडिलांनी खादी ग्रामोद्योगाच्या नमुन्याचा गोबरगॅस बांधला होता, गोल हौदात वरखाली होणारी लोखंडी टाकीवाला. त्या टाकीला वेळेवर रंग दिला नाही की गंज खायचा. शेवटी ती भंगारात गेली. पिशवीला गंज नाही, पण घुशी आहेत. खड्ड्याच्या कडेनं त्या बिळं करतात. शेळीनं वर पाय दिला तरी भोक पडायची भीती, त्यामुळं चारी बाजूनं जाळी मारणं आलंच. ते सामान कंपनी देत नाही.

आता मुख्य हिशेब. 1 घनमीटर गॅसला रोज साधारण 25 किलो शेण लागतं, म्हणजे आमच्या संचाला 50 किलो, आणि तेवढंच पाणी. गाय-बैलाचं दिवसाला दहाएक किलो धरा, म्हशीचं थोडं जास्त. कागदावर आमचं बरोबर जुळतं. पण बैल दिवसभर शेतात असले की शेण तिकडंच पडतं, आणि ते पाटीत भरून घरी आणायला कोण जातंय? दावणीला बांधलेलं जनावर धरायचं, चरायला जाणारं धरायचं नाही. सुरुवातीला पिशवी भरल्यावर दोन-तीन आठवडे वाट बघावी लागते. त्यात पहिला येणारा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्यायचा. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, सासूबाई तर म्हणाल्या, "फसवलं बग तुमाला."

पेटायला लागल्यावर मात्र तक्रार नाही. 2 घनमीटर गॅस म्हणजे जवळपास 850 ते 900 ग्रॅम सिलिंडरच्या गॅसचं काम. दोन्ही वेळच्या भाकरी, वरण, भाजी, चहा, दूध तापवणं एवढं निघतं. अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, तुराट्या आणि गोवऱ्यांवर. जाहिरातीत चूल बंद होते म्हणून सांगतात, आमची झाली नाही. सिलिंडर आधी वर्षाला दहा-बारा लागायचे, आता तीन-चार. तेही हिवाळ्यात, कारण थंडी पडली की पिशवीतलं शेण सुस्तावतं आणि गॅस निम्म्यावर येतो.

भाकरीचं वेगळं सांगते, कारण सगळ्या तेच विचारतात. ज्वाळ निळी, धूर नाही, भांड्याला काजळी नाही. पण जोर सिलिंडरपेक्षा कमी. तवा तापायला वेळ लागतो. तवा पुरता तापायच्या आत पहिली भाकरी टाकली की ती चिकटते, पाणी फिरवून उलटायला गेलं की काठ फाटतो. म्हणून मी आधी तवा ठेवते आणि मग पीठ मळायला बसते. पिशवीवर वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या की दाब वाढतो आणि भाकरी टम्म फुगते. गोण्या सारख्या ठेवायच्या, एकाच बाजूला नाही. शेगडी गोबरगॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं, त्यावर हा गॅस नीट जळत नाही. शेणाचा वास भाकरीला लागतो का? नाही. न जळलेल्या गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो, आणि तसा वास घरात आला तर जोड तपासा, खिडकी उघडा.

मधेच ज्वाळ भकभक करायला लागते. त्याचं कारण नळीतलं पाणी. गॅस ओलसर असतो, नळीत गार होऊन पाणी साचतं. नळीला सगळ्यात खालच्या जागी एक तोटी असते, ती उघडून अर्धा तांब्या पाणी काढलं की झालं. संच बसवायला आलेल्या माणसानं ती तोटी भिंतीच्या उंचावर बसवली होती. पाणी वर चढतं का कधी? ती आम्हीच खाली घेतली.

पाण्याची गोष्ट आमच्या भागात टाळता येत नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्या जिल्ह्यात रोज 50 लिटर पाणी शेणात ओतायचं म्हटलं की मन धजत नाही. एप्रिल-मेमध्ये मी जनावरं धुतलेलं पाणी वापरते, आणि बाहेर पडलेल्या स्लरीचं वरचं पातळ पाणी परत टाक्यात घेते. चालतं, गॅस फारसा कमी होत नाही. साबणाचं किंवा फिनाईलचं पाणी अजिबात नको, आतले जंतू मरतात आणि सगळं ठप्प होतं.

आता पर्यावरणाचं. विकायला आलेला माणूस म्हणाला होता, ताई, यानं हवामान बदल थांबतो. एका पिशवीनं काय थांबणार! पण लेकीला घेऊन आकडेमोड केली, ती विक्रेत्यानंही ऐकावी अशी निघाली. 14.2 किलोचा एक सिलिंडर जळाला की सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षाला आठ सिलिंडर वाचले तर सव्वातीनशे किलोच्या पुढं. शेणाचा गॅस जाळल्यावरही कार्बन डायऑक्साइडच निघतो, पण तो कडब्यातून आलेला, आणि कडब्यानं तो हवेतूनच घेतलेला. इथपर्यंत ठीक. गोम पुढं आहे. पिशवीत जो मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, होतो तो शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवणारा. आमच्याकडच्या कोरड्या उकिरड्यात आणि गोवऱ्यांत मिथेन तसा थोडाच होतो. पिशवी तो मुद्दाम तयार करते. 2 घनमीटर गॅसमध्ये पाऊण किलो मिथेन, म्हणजे 20 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. आणि सव्वातीनशे किलोची ती वर्षाची बचत रोजची धरली तर एक किलोच्याही आत. म्हणजे एका दिवसाचा गॅस न जाळता हवेत गेला की जवळपास तीन आठवड्यांची कमाई पाण्यात.

त्यामुळं लग्नाला चार दिवस बाहेरगावी जाताना मी शेजारणीला चावी देऊन जाते, तिनं आमच्या शेगडीवर तिचा स्वयंपाक करावा म्हणून. नाहीतर पिशवी फुगते आणि सुरक्षेच्या व्हॉल्व्हमधून गॅस आपोआप सुटत राहतो. तो व्हॉल्व्ह हवाच, नसता तर पिशवी फाटेल. फक्त त्याला काम पडू द्यायचं नाही. आणि गाईच्या ढेकरातून सुटणारा मिथेन कुठल्याच पिशवीत येत नाही, हेही विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं.

या हिशेबानंच कंपनीचा राग येतो. आमच्या कराराच्या मागच्या पानावर लिहिलंय की संच कमी किमतीत दिल्याबद्दल यातून मिळणारे कार्बन क्रेडिट (वाचलेल्या कार्बनच्या हिशेबावर मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) कंपनीचे. हरकत नाही, किंमत खरंच कमी होती. पण मग मोबाईलवर शेगडीचा फोटो काढायला माणूस न चुकता येतो आणि गळका जोड बदलायला येत नाही, हे कसं? उन्हाळ्यात जोडाला साबणाचा फेस लावला तर बुडबुडे येत होते. फोन केला, "मॅडम, तिकीट टाकलंय," म्हणजे तक्रार नोंदवली. पाऊस लागला तरी कुणी आलं नाही. शेवटी गावातल्या नळाच्या मिस्त्रीनं क्लिप आवळून दिली. ज्या गळतीनं त्यांच्याच क्रेडिटचा हिशेब खोटा ठरतो, तिची त्यांना फिकीर नाही. सर्व्हिसला पाचपैकी एक. संचाला मात्र चार देईन.

त्यातले अर्धे गुण स्लरीचे. शेणखताइतका वास नाही, माशा नाहीत. वांगी आणि मिरचीला पाणी मिसळून घातली की पानं काळीभोर होतात. तुरीला देतो तेव्हा आधी काडीकचऱ्यात मुरवून देतो. डीएपी बंद झालं असं म्हणणार नाही, कमी झालं. पण ओली स्लरी बादल्यांनी वाहायची म्हणजे कंबर जाते, आणि आमच्या घरात ती कंबर माझी. सकाळी शेणातले खडे, काड्या वेचून हातानं कालवायचं कामही माझंच. या गॅसला फुकट म्हणणाऱ्या माणसानं एकदा टाक्यापाशी यावं. ह्यांना आता निदान स्लरी तरी वाहायला लावलंय, कुरकुरत का होईना वाहतात.

परवा माझ्या नणंदेनं विचारलं. तिच्याकडं एक गाय आणि चार शेळ्या, गाय दिवसभर रानात. तिला नको म्हणून सांगितलं, निर्धूर चूल घे म्हटलं. तुमच्याकडं दावणीला चार-पाच जनावरं असतील, उन्हाळ्यात बिनसाबणाच्या सांडपाण्याची सोय असेल आणि जोड बसवणारा मिस्त्री गावातच असेल तर घ्या. घेताना करार मागच्या पानापर्यंत वाचा, आणि क्लिपांचं एक जादा पाकीट पहिल्याच दिवशी मागून ठेवा.