हीदन म्हणून जगायचं, पण कुणाच्या सोबतीनं?

थोर, ओडिन, फ्रेयर, फ्रेया, न्योर्द. उत्तर युरोपातल्या या देवदेवतांसाठी सणावाराला जमणारी, त्यांना मधाची दारू वाहणारी माणसं आज आइसलँडपासून अमेरिकेपर्यंत आहेत. ती स्वतःला हीदन म्हणवतात. काहींना आसात्रू हे नाव जवळचं वाटतं. मी डेन्मार्कमध्ये राहते आणि या मंडळींच्या वर्तुळात उभी राहते, त्यामुळे इकडे शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलंमुली मला गाठून विचारतात, सुरुवात कुठून करू? पुस्तकं वाचून झालेली असतात, गळ्यात थोरचा हातोडाही आलेला असतो. प्रश्न बहुतेकदा देवाबद्दल असतो: ओडिन की थोर? मला तो नंतरचा वाटतो. देव सगळ्या वाटांवर तेच आहेत. फरक पडतो तो तुमच्या आधी विधीतलं पिण्याचं शिंग कुणाच्या हातात होतं आणि तुमच्यानंतर ते कुणाला द्यायचं, यानं. म्हणून इथे तुलना करते आहे ती माणसांची, त्यांच्या संस्थांची आणि एकट्यानं चालण्याची.

आधी सगळ्यांची सामाईक अडचण. आपल्याकडे नैवेद्याचं ताट कसं वाढायचं हे आजीला विचारता येतं, आजीला तिच्या सासूनं सांगितलेलं असतं. इथे ती साखळी तुटलेली आहे. आइसलँडनं इ. स. १००० च्या सुमारास आल्थिंग या लोकसभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनची गद्य एड्डा, म्हणजे देवकथांचा ग्रंथ, १२२० च्या आसपासची, आणि देवांच्या कवितांचं मुख्य हस्तलिखित, कोडेक्स रेगिउस, १२७० च्या सुमाराचं. म्हणजे हाती आहे ते बहुतेक सगळं ख्रिस्ती झालेल्या लोकांनी दोनशे-अडीचशे वर्षांनंतर लिहून ठेवलेलं. कथा भरपूर, विधी तुटपुंजे. त्यामुळे आजचा प्रत्येक गट जुनं साहित्य, पुरातत्त्व आणि स्वतःची समज यांतून पूजा नव्यानं उभी करतो. ‘आमच्या घराण्यात ही परंपरा गुप्तपणे अखंड चालत आली आहे’ असं कुणी सांगू लागलं, तर तिथून उठा.

विधींपैकी दोन सगळीकडे भेटतील. ब्लोत म्हणजे देवांना, पूर्वजांना किंवा भूमीच्या रक्षकांना केलेलं अर्पण. माणसं गोलात उभी राहतात, शिंगात मीड, म्हणजे ती मधाची दारू, नाहीतर बिअर ओततात, गोदी म्हणजे विधी चालवणारा आवाहन करतो, आणि शिंग हातोहात फिरतं. आपली पाळी आली की नाव घ्यायचं, मनातलं बोलायचं, घोट घ्यायचा, पुढे द्यायचं. शिंगाचं टोक वर धरून प्यायलात तर आत हवा शिरून अर्धी मीड तोंडावर येते. टोक बाजूला वळवून प्यायचं, हे शेजारचा माणूस पहिल्याच वेळी हळूच सांगतो. उरलेलं झाडाच्या बुंध्याशी ओततात. दारू पीत नसाल तर सफरचंदाचा रस बहुतेक ठिकाणी चालतो, आधी सांगून ठेवा. दुसरा विधी सुम्बल, तो बसून करायचा: पेल्यामागून पेला, देवांसाठी, पूर्वजांसाठी, आणि मग स्वतःच्या शब्दासाठी. शिंगावर दिलेला शब्द सगळ्यांच्या साक्षीनं दिलेला असतो आणि तो पाळावाच लागतो. नवख्यानं तिथे कसलीही शपथ घेऊ नये. पूर्वजाचं नाव घ्यावं, तेवढं पुरे.

आइसलँड आणि डेन्मार्क: सरकारी वहीत नोंदलेला धर्म

या चळवळीतली सर्वांत भक्कम संस्था रेकयाविकमध्ये आहे. आसात्रूआरफेलागिद ही संस्था १९७२ च्या एप्रिलमध्ये, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख स्वेनब्यर्न बेंटेन्सन हे मेंढपाळ शेतकरी आणि कवी. जुन्या चालीतली दीर्घकाव्यं गाणारे. मान्यता मागायला ते मंत्र्यांना भेटून आले आणि पाठोपाठ विजांच्या कडकडाटात शहराच्या मध्यभागातली वीज गेली, ही गोष्ट तिथे आजही रंगवून सांगतात. १९७३ मध्ये मान्यता मिळाली. आज पावणेचार लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात या संस्थेचे पाच हजारांहून जास्त सभासद आहेत. तिनं लावलेलं लग्न कायद्यानं लग्न असतं, अंत्यविधी होतात, वयात येणाऱ्या मुलांसाठी अभ्यासासह एक संस्कारही आहे. नोंदणीकृत धर्मसंस्थांना सरकार सोळा वर्षांवरच्या सभासदांमागे ठरावीक रक्कम देतं, त्यात हिचाही वाटा असतो. जिथे ख्रिस्ती होण्याचा निर्णय झाला त्याच थिंगवेलिरच्या कड्यांखाली दर उन्हाळ्यात ब्लोत होतो. रेकयाविकच्या अस्क्युह्लिद टेकडीवर २०१५ मध्ये मंदिराचं काम सुरू झालं. ते बरंच रखडलं.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. १९९१ मध्ये संगीतकार म्हणून युरोपीय चित्रपट पुरस्कार मिळवलेले हिल्मार अर्न हिल्मार्सन २००३ पासून या संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की आठ पायांच्या घोड्यावरून फिरणारा एकाक्ष देव शब्दशः खरा मानणारं कुणी नसावं. या कथा निसर्गाच्या शक्तींची आणि माणसाच्या मनाची काव्यमय रूपकं आहेत. देव आहेत, ऐकतात, प्रसन्न होतात, रुसतात अशा घरात वाढलेल्या मराठी माणसाला हे जरा कोरडं वाटू शकतं. मला ते कोरडं वाटत नाही, कारण कवितेला आणि जमिनीला इतकं मानणारी दुसरी संस्था मी पाहिलेली नाही. तरी ज्याला भक्ती हवी आहे त्यानं ही अपेक्षा आधीच तपासावी.

डेन्मार्कमधली फोर्न सिद्र संस्था आकारानं खूपच लहान. २००३ मध्ये तिला मान्यता मिळाली. ती लग्नं लावू शकते आणि ओडेन्स शहरातल्या दफनभूमीत तिची स्वतंत्र जागा आहे. श्रद्धेच्या बाबतीत इथे कुणी कुणाची परीक्षा घेत नाही. नॉर्वे आणि स्वीडनमध्येही नोंदणीकृत संस्था आहेत. या सगळ्यांचा मोठा फायदा असा की हिशेब, घटना, वार्षिक सभा सगळं उघड असतं, वाद झाला तर दाद मागायला जागा असते. तोटा: काम स्थानिक भाषेत चालतं. डॅनिश येत नसेल तर तुम्ही गोलात असूनही निम्मं तुमच्यापर्यंत पोचत नाही. आणि ती त्या देशात राहणाऱ्यांसाठीची व्यवस्था आहे. पुण्यात बसून आइसलँडच्या संस्थेचं सभासद होण्याचा विचार सोडून द्या.

अमेरिका: एकाच नावाखाली दोन टोकं

इथे मात्र डोळे उघडे ठेवून पाऊल टाकायला हवं. १९८७ मध्ये सुरू झालेली द ट्रोथ ही संस्था वंश, लिंग, लैंगिकता काहीही असो, सगळ्यांना घेते. पुरोहितांसाठी अभ्यासक्रम आहे, तुरुंगातल्या हीदन कैद्यांपर्यंत पोचणारं काम आहे, आणि बरंचसं दुरून करता येतं. देव म्हणजे खरोखरच्या, स्वतंत्र, वेगवेगळ्या व्यक्ती आहेत असं मानणारे लोक इथे मोठ्या संख्येनं भेटतात. या एका बाबतीत मराठी माणूस आइसलँडपेक्षा इथे लवकर रुळेल.

दुसऱ्या टोकाला आसात्रू फोक असेंब्ली. स्टीफन मॅकनॅलन यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेली. तिच्या मते हा धर्म युरोपीय रक्ताच्या लोकांचाच. अशा गटांना फोकिश म्हणतात. २०१६ मध्ये नव्या नेतृत्वानं वंश आणि स्त्री-पुरुषांच्या भूमिकांबद्दल जाहीर भूमिका घेतली, तेव्हा वेगवेगळ्या देशांतल्या शंभरावर हीदन गटांनी ‘डिक्लरेशन १२७’ वर सही करून तिच्याशी संबंध ठेवणार नाही असं कळवलं. आकडा हावामाल या काव्यातल्या कडव्याचा: वाईट दिसलं तर वाईट म्हण, आणि वैऱ्याला शांतता देऊ नकोस. २०२० मध्ये मिनेसोटातल्या मरडॉक या तीनशेहून कमी वस्तीच्या गावात या असेंब्लीनं जुनं चर्च विकत घेतलं. गावानं विरोध केला, पण धर्माच्या कारणावरून परवानगी नाकारणं कायद्यात बसेना आणि ती द्यावी लागली.

तुम्ही भारतीय असाल तर फोकिश गटाचं दार तुम्हाला बंदच आहे, त्यामुळे यात ठरवायचं ते काय, असं वाटेल. ठरवायचं असतं, कारण सगळे गट हे पाटीवर लिहीत नाहीत. काही जण गोड बोलतात, ‘तुमचे देव तुम्हाला, आमचे आम्हाला, दोन्ही थोर’ म्हणतात, आणि आपल्यातल्या काहींना त्यात आदर दिसतो. मला त्यात बंद दार दिसतं. शिवाय ज्या एड्डांचा हवाला देतात त्यांतच थोरची आई योर्द आणि ओडिनची आई बेस्टला या दोघीही योत्नांच्या, म्हणजे देवांच्या वैरी कुळातल्या. देवांचीच वंशावळ इतकी मिसळलेली असताना भक्तांच्या रक्ताची चौकशी कशाला? स्टॉकहोमजवळच्या हेल्गो बेटावर १९५० च्या दशकातल्या उत्खननात भारतीय उपखंडात सहाव्या शतकाच्या सुमारास घडवलेली छोटी काशाची बुद्धमूर्ती सापडली. ती स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे. जाल तेव्हा नक्की पाहा.

एक व्यावहारिक खूण सांगते. रून ही उत्तर युरोपातली जुनी अक्षरं. जुन्या रूनलिपीत २४ चिन्हं होती, व्हायकिंग काळातल्या लिपीत १६. कुणी १८ रून शिकवत असेल तर ती व्हिएन्नाच्या गीडो फॉन लिस्टनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रचलेली मालिका आहे, आणि त्याच्या विचारांचा वारसा वंशवादाकडे गेला. शिकवणारा माणूस वाईटच असेल असं नाही, पण विचारा. त्याच कारणानं, जर्मनीत असाल तर आपल्या दारावरच्या स्वस्तिकाचा आणि रूनचा फोटो एकत्र कुठेही टाकू नका. तिथे नाझी चिन्हांविरुद्ध कायदा आहे, आणि दोन्ही चिन्हं शेजारी दिसली की बघणारा एकच अर्थ काढतो.

किंड्रेड, आणि एकट्याची वाट

किंड्रेड म्हणजे पाच-दहा जणांचा घरगुती गट. चांगला जमला तर याच्यासारखं सुख नाही: आजारपणात डबा येतो, घर बदलताना हात लागतात, मुलं एकत्र वाढतात. बिनसला तर मित्र, देव आणि सण सगळं एकाच आठवड्यात जातं. लोकी या कपटी, खोडकर देवाच्या नावानं शिंग उचलायचं की नाही, एवढ्यावरून गट फुटलेले आहेत. म्हणून वर्षभर पाहुणे म्हणून जा, सभासदत्वाची शपथ त्यानंतर.

एकट्यानं करणारे बहुधा सर्वांत जास्त. खिडकीशी एक वाडगा, त्यात बिअर किंवा दूध, शेजारी लोणी लावलेला पाव. थोरसाठी अनेकजण गुरुवार पाळतात. दुसऱ्या दिवशी ते बाहेर झाडाखाली जातं. मला या वाटेवर सर्वांत मोलाचं वाटतं ते लांदव्हेतिर, म्हणजे त्या-त्या भूमीचे रक्षक. आइसलँडच्या जुन्या कायद्यात असं सांगितलेलं आहे की किनारा दिसू लागला की जहाजाच्या नाळेवरचं जबडा वासलेलं डोकं काढून ठेवा, भूमीचे रक्षक बिचकतील. देशाच्या राजमुद्रेवर आजही चार रक्षक आहेत: गरुड, ड्रॅगन, बैल आणि राक्षस. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. राखणदाराला नारळ दिल्याशिवाय तिथे काम सुरू होत नाही. ही पूजा जिथे राहता तिथल्या मातीची असते, तिला कुठली संस्था लागत नाही आणि तुमचं रक्त कुणी विचारत नाही.

एकटेपणाचा धोका वेगळा. स्वप्नात ओडिन आला, त्यानं अमुक सांगितलं, हे तपासायला कुणी नसतं. हीदन लोक अशा खाजगी अनुभवाला यूपीजी म्हणतात आणि तो ग्रंथांतल्या आधारापासून वेगळा ठेवतात. ही शिस्त एकट्यानं जास्त कसोशीनं पाळावी. अतिरेकही नको. हावामालच म्हणतं की भारंभार वाहण्यापेक्षा न मागितलेलं बरं, कारण प्रत्येक भेट परतभेट मागते.

घरच्या देवांचं काय, हा प्रश्न मुलींकडून हमखास येतो. खंडोबा-भवानीला सोडायला इथे कुणी सांगत नाही. अनेक देव मानणाऱ्याला एक धरला की दुसरा सोडायची सक्ती नसते. मी दोन्हीकडे दिवा लावते, जागा वेगळ्या ठेवते. मात्र वर्तुळात उभं राहून ‘थोर म्हणजे आमचा इंद्रच’ म्हणू नका. भाषाशास्त्रज्ञांनी नातं जरूर दाखवावं, पण ज्याला हाक मारली आहे त्याला त्याच्याच नावानं हाक मारणं हा साधा शिष्टाचार आहे.

मग माझं मत काय? नॉर्डिक देशात असाल आणि भाषा शिकत असाल तर नोंदणीकृत संस्था, दुसरा विचार नको. अमेरिकेत असाल तर द ट्रोथपासून सुरुवात करा आणि तिच्या ओळखीतूनच किंड्रेड शोधा. ब्रिटनमध्ये आसात्रू यूके ही सर्वांना घेणारी संस्था आहे. भारतात असाल तर खिडकीचा वाडगा आणि एड्डांचं वाचन, वर्षभर तरी. लग्न-अंत्यविधी हीदन पद्धतीनं व्हावेत असा आग्रह असेल तर ते भारतात कायद्यानं या संस्थांकडून होणार नाही, हे आधीच धरून चाला. आणि कुठल्याही गटाला पहिलं पत्र पाठवताना आपलं पूर्ण नाव आणि मूळ गाव लिहा, सभासद कोण होऊ शकतो हे थेट विचारा. उत्तर एका ओळीत, सरळ आलं पाहिजे. गोलमोल आलं, तर पुढच्या गटाला लिहा.