वागळे इस्टेट, आमच्या नाक्यावरचं वाईन शॉप: पाचपैकी तीन स्टार

सव्वीस वर्षं लेथवर काढली, त्यातली वीस तरी या काउंटरला टेकून. जनरल शिफ्ट सुटली की थेट इथे. काउंटरवरचा पोरगा चलाख आहे. लांबून चेहरा दिसला की क्वार्टर कागदात गुंडाळून तयार. बिअर खरंच थंड असते. सुट्टे नसले की मात्र शेंगदाण्याची पुडी गळ्यात मारतात. एक स्टार तिथे कापला. दुसरा दारातल्या चिखलासाठी.

जून २०२५ मध्ये सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं. ११५-१३० ची क्वार्टर २०५ च्या खाली मिळेना. मी सवयीनं दोनशेची नोट सरकवली, पोरानं ती तशीच परत सरकवली. "काका, अजून पाच." खिशात होते, पण असा काही राग आला की तसाच घरी गेलो. बायकोनं चहा टाकला, विचारलं काही नाही. आता फक्त बुधवार-शनिवार.

माझा पार्टनर मात्र मागच्या गल्लीत देशीच्या दुकानात जातो. तिथली क्वार्टर ८० ला. बिअरला तर या वाढीत हातच लावलेला नाही.

भाची नर्स आहे, तिनं स्कॉटलंडचं सांगितलं. तिथे २०१८ पासून ठरलंय, बाटलीत जितकं अल्कोहोल तितकी किमान किंमत. दहा मिलीला आधी ५० पेन्स, सप्टेंबर २०२४ पासून ६५. पाच वर्षांनी तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानं हिशोब मांडला: निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, एरवी झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी. मी लगेच कागदावर मांडलं. आपली क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली शुद्ध माल. तिथे ती पाच पौंडांच्या खाली विकताच येणार नाही. आणि ब्रँड बदलून, बिअरवर जाऊन पळवाट नाही, कारण मोजतात ते आतलं अल्कोहोल. आमचा पार्टनर तिथे अडकला असता.

शनिवारी पोराला हे सांगितलं. त्याला एकच पडलेलं, वरचे पैसे कुणाला? म्हटलं, तो कर नाही, त्यामुळे दुकानदारालाच. "शेठला सांगू नका काका," म्हणाला, आणि सुट्टे नाहीत म्हणून शेंगदाणे पुढे केले.