आपोआप लिस्टिंग लिहिणारं टूल आणि आमची सोलं: नऊ महिन्यांचा अनुभव

गोव्यात डिचोलीजवळ आमचं घरगुती काम आहे. मावशी आणि आई सोलं (म्हणजे कोकमं) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करतात, थोडे काजूही असतात. पाकिटं भरणं आणि ऑनलाइन विक्री माझ्याकडे. आम्ही विकतो त्या साइटच्या सेलर पॅनेलमध्ये लिस्टिंग, म्हणजे मालाच्या विक्रीचं पान, आपोआप लिहून देणारं टूल आहे. फोटो चढवायचा, दोन-चार शब्द टाकायचे, की शीर्षक, बुलेट पॉइंट, वर्णन सगळं तयार. ऑक्टोबर ते जुलै ते सतत वापरलं. पाचपैकी तीन तारे देते. वेळ नक्की वाचतो. पण त्याने लिहिलेलं जसंच्या तसं ठेवलं, तर माल परत येतो.

सुरुवातच वाईट झाली. टूलने सोलांना ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ आणि ‘वजन कमी करण्यास उपयुक्त’ करून टाकलं. दिवाळीच्या गडबडीत मी नीट वाचलं नाही आणि चार दिवसांत लिस्टिंग बंद झालं. आमच्या भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडांना कधी औषध मारलेलं नाही, हे खरं. तरी ऑरगॅनिक म्हणून विकायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते आमच्याकडे नाही. वजन कमी होतं हे तर आम्ही कधी म्हटलेलंच नव्हतं. ऐन सणाचा आठवडा हातचा गेला. तेव्हापासून टूलने लिहिलेल्या प्रत्येक विशेषणापुढे मी थांबते: हे आपण कुठे म्हटलंय? दाखवायला कागद आहे?

त्याहून मोठा त्रास रिटर्नचा. ‘माल ओला आला’, ‘बुरशी आहे’. दिल्ली, लखनौकडून तर फारच. पहिल्यांदा मला राग आला. मग परत आलेलं एक पाकीट मावशीने फोडलं, एक सोल बोटांत धरून उजेडात नेलं, वरचे पांढरे कण नखाने खरवडले आणि माझ्या जिभेवर ठेवले. मीठ होतं. सोलं करताना भिरंडाची साल उन्हात वाळवायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, परत वाळवायची, असं काही दिवस चालतं. ती ओलसर, मऊच राहायला हवीत. हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ज्याने आयुष्यात सोल हातात घेतलेलं नाही त्याला पांढरं दिसलं की बुरशीच वाटणार, त्यात त्याची काय चूक? टूलने तर ‘कुरकुरीत सुकं फळ’ लिहून ठेवलं होतं!

मी पहिला बुलेट पॉइंटच बदलला: ‘सोलं ओलसर आणि मऊ असतात. वर दिसणारे पांढरे कण मिठाचे आहेत. आमटीत घालताना मीठ आधी कमी घ्या.’ विकताना उणी बाजू पहिल्या ओळीत कोण लिहितं, असं घरात सगळे म्हणाले. पण बुरशीची तक्रार जवळजवळ थांबली. आता दर महिन्याला रिटर्नची कारणं आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न एका वहीत उतरवते आणि त्यांची उत्तरं लिस्टिंगमध्ये घालते. या नऊ महिन्यांत सगळ्यांत उपयोगी काय ठरलं विचाराल, तर ती वही.

शोधशब्दांत मात्र टूलने चांगली मदत केली. आम्ही सोलं म्हणतो, मुंबईचे लोक आमसुलं, बाकी देश कोकम. स्पेलिंग तर तऱ्हेतऱ्हेची. ती सगळी त्याने सुचवली. एक गोष्ट मला उशिरा कळली: पॅनेलमध्ये गिऱ्हाइकाला न दिसणारे शोधशब्द भरायचा जो रकाना आहे, त्याची मर्यादा आमच्या साइटवर अक्षरांत नसते, बाइट्समध्ये (संगणकात मजकूर किती जागा घेतो त्या मापात) असते. ‘कोकम’ देवनागरीत 12 बाइट्स घेतो, रोमनमध्ये 5. म्हणून तिथे रोमन स्पेलिंग भरली आणि मराठी शब्द वर्णनात ठेवले.

फोटोचं काम टूलवर सोडू नका. मुख्य फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागते, आणि पांढऱ्यावर सोलं ठेवली की मोबाईल उजेड आपणहून कमी करतो. माझा पहिला फोटो बघून मावशी म्हणाली, “हें सोल न्हय गो, कोळसो!” आता सकाळी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), थेट ऊन नसताना, एक्स्पोजर थोडं वर ढकलून काढते. सालीचा जांभळा-तांबडा रंग दिसतो. दुसऱ्या फोटोत काचेच्या वाटीत पाणी आणि त्यात एक सोल, दहा मिनिटांनी. पाण्यात उतरलेला तो लाल रंग बघून लोक घेतात, असं मला प्रश्नांवरून वाटतं.

काजूंबद्दल थोडक्यात. टूल नुसतं ‘मोठे, प्रीमियम’ लिहितं. सोललेल्या पांढऱ्या काजूच्या प्रतवारीतला आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. डब्ल्यू म्हणजे व्हाइट, पांढरे. डब्ल्यू 240 चे 250 ग्रॅममध्ये साधारण 120 ते 130 बसतात, डब्ल्यू 320 चे 165 ते 175. मी ही संख्याच लिहिते, त्यामुळे ‘लहान निघाले’ ही तक्रार उरत नाही. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यावर टूल तो शब्दही आपणहून घालायला लागलंय. तो मी काढते. जीआयचं चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि बाहेरचा काजू गोव्याचा म्हणून खपवला जातो ही तक्रार इथे जुनी आहे. तिच्यात आमची भर नको.

यंदाची सोलं भरून झाली. मावशीने या खेपेला मीठ जरा कमी घातलंय, त्यामुळे पांढरे कण फारसे दिसत नाहीत आणि रंग जास्त गडद आलाय. म्हणजे पहिली ओळ आणि वाटीचा फोटो, दोन्ही परत करायला हवेत. पाऊस थोडा उघडला की बाल्कांवात बसते.